विहीणबाईंच्या मागच्या सीटवर

ये गं, अशी उंबऱ्यात उभी राहून काय हसतेस? आत ये, बस इथं माझ्याजवळ, आणि तो फोटो आधी जागेवर ठेव. मावशीकडं दिवाळी-दसऱ्याला उगवायचं आणि आल्या आल्या भिंतीवरच्या माणसांना दात काढायचे, हे कुठलं वळण? हो, ती साडीवर पुरुषी फुल शर्ट घातलेली आणि डोक्यावर हेल्मेट असलेली बाई म्हणजे आमच्या विहीणबाई. तिच्या शेजारी मोटारसायकलला धरून, भूत बघितल्यासारखी उभी आहे ती मी. मागं आहे तो समुद्र. हसून झालं? मग ऐक आता.

सबंध नगर जिल्ह्यात शोधून ये, विहीणबाईंसारखी बाई सापडायची नाही. देव माणसं घडवताना भीती मापून वाटायला बसला आणि कर्जत तालुक्यापर्यंत येईतो त्याचं मापटं रिकामं झालं, असंच मला कितीतरी वर्षं वाटायचं. नवरा गेला तेव्हा दिरानं त्याची मोटारसायकल विकायला काढली, तर या म्हणाल्या, "राहू द्या, मी शिकते." आणि शिकल्या. पन्नाशी उलटलेली बाई रानातल्या बांधावर पडत-झडत शिकली आणि त्या दिवसापासून दुसऱ्या वाहनात बसली नाही. एसटीत त्यांना मळमळतं, मोटारीत गुदमरतं, रिक्षात म्हणे कोंबडीसारखं वाटतं. लेकाच्या लग्नाला वऱ्हाड ट्रॅव्हल्सनं आलं आणि वरमाय पुढं मोटारसायकलवर. आम्ही मुलीकडचे दारात ताम्हन घेऊन उभे. वरमायेचे पाय धुवायचा मान माझा. बघते तर पायात कॅनव्हासचे बूट, आणि नाडीची बसलेली गाठ काही केल्या सुटेना. भटजींना मुहूर्ताची घाई. शेवटी विहीणबाई वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "बुटावरनंच धुवा, विहीणबाई. मनात असल्यावर पाण्याला वाट घावती." मी धुतले. बूट रात्रभर ओले राहिले आणि त्या मांडवात पचक पचक वाजत फिरल्या.

गाडीचे त्यांचे नियम वेगळेच. त्यांच्या गाडीला भोंगा आहे, पण त्या तो वाजवत नाहीत. "यंत्रानं माणसावर वरडायचं ह्ये काय बरं न्हाई. माणसाला माणसानं तोंडानं सांगावं." म्हणून भिंगारच्या बाजारातून आमच्याकडं येताना त्या "ओ दादा, येतीय मी! ओ ताई, पदर सांभाळा!" असं ओरडत येतात. आमच्या घरात मी चहाचं आधण त्यांच्या आवाजावर ठेवत असे. गाडीचा वेग दाखवणारा काटा फार पूर्वी चाळीसवर अडकून बसलाय. त्यामुळे त्यांना कितीही सांगा, "जरा हळू," की बोट दाखवून म्हणणार, "चाळीसच हाय की!" उभ्या गाडीलासुद्धा चाळीसच असतं, यावर त्यांनी कधी विचार केलेला नाही. पेट्रोलच्या टाकीवर कधी वांग्यांची पिशवी, कधी शेंगांची, एकदा तर त्यांनी चक्क एक करडू पुढ्यात बसवून आणलं होतं, त्याला स्वेटर घालून.

आता तो फोटो. गणपती नुकतेच गेले होते. माझ्या लेकीचा फोन आला. जावयाची सरकारी नोकरी, श्रीवर्धनला बदली झालेली, दोघंच राहायची तिकडं. फोनवर लेक रडली नाही की चिडली नाही. सरळ आवाजात म्हणाली, "आई, मी रविवारी येतेय. कायमची." माझ्या हातातली परात तशीच राहिली. रडली असती तर मी समजूत घातली असती गं. ती सरळ बोलली, म्हणून मी परात खाली ठेवून उठलेच. मी एसटीचं बघायला लागले, तर आमचे हे म्हणाले, "विहीणबाईंना कळवल्याशिवाय जाऊ नको. मुलाकडचे आहेत ते. उगाच मानापमान नको आत्ता." कळवलं. तिकडून एवढंच आलं, "सकाळी तयार ऱ्हावा. मी येते गाडी घेऊन. दोघी मिळून जाऊ."

मला सांग, मी नाही कशी म्हणणार? लेकीचा संसार दोरीवर, आणि त्या दोरीचं एक टोक या बाईच्या हातात. पोराची आई ती. तिनं एक शब्द टाकला तर पोरगा वळेल, नाहीतर म्हणेल, जाऊ दे गेली तर. अशा वेळी "तुमच्या मागं बसायला भीती वाटते" म्हणून तिचा हिरमोड करायचा? देवाला हात जोडले आणि बसले. लेकाचं कॉलेजातलं हेल्मेट त्यांनी माझ्यासाठी आणलं होतं. माझा अंबाडा त्यात मावेना. तेव्हा अंबाडा सोडून, वेणी घालून, त्या वयात मी शाळकरी पोरीसारखी निघाले. सगळी गल्ली बघत होती.

सुप्याच्या पुढं कंपन्यांचे मोठे मोठे ट्रेलर लागले. त्यांच्या चाकांशी आमचं डोकं. विहीणबाई मान मागं वळवून विचारतात, "भ्या वाटतंय का वो?" पुढं बघा म्हणावं, तर ते उद्धट दिसेल. मी म्हणाले, "छे छे! तुमच्या हातात गाडी म्हणजे पाळणाच." इथं माझी चूक झाली. त्या खूष झाल्या आणि पाळण्याला असा झोका दिला की शिरूर कधी गेलं मला कळलं नाही. मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होते, आणि मधेच रामरक्षा विसरून लेकीचंच काहीतरी आठवत होते. लहानपणी ती रुसली की पाटावरून उठायची नाही, जेवायचीही नाही, नुसती बसून राहायची. आता पाटावरून उठतेय म्हणाली. वाटेत चहाला थांबलो, रसाला थांबलो, पुण्यात त्यांच्या भावजयीकडं मुक्काम केला, पण ज्यासाठी निघालो त्याचा शब्द दोघींच्या तोंडून नाही. त्या कपाशीचं बोलायच्या, मी गुडघ्याचं बोलायची. मनात एकच, ही बाई तिथं जाऊन माझ्या पोरीला काय सुनावणार?

दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट. गाडी घाटाच्या तोंडाशी आली आणि विहीणबाईंनी थांबवली. "इंजिन तापलंय. गार हुंद्या." बरं म्हटलं. थोडं पुढं जाऊन परत थांबल्या, टायर दाबून बघितला. परत थांबल्या, आरसा पुसला. धुकं इतकं की पुसलेल्या आरशातही धुकंच. रस्ता ओला. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, आणि नेमकी दरीही त्याच बाजूला, म्हणजे माझी पावलं सरळ कोकणात लोंबकळत होती. प्रत्येक वळणावर समोरून येणारे कर्णा वाजवत येत होते आणि आमच्या विहीणबाई ओरडत होत्या, "ओ दादा, आमी येतोय! दोघी हाय!" एका वळणावर ट्रक एकदम धुक्यातून निघाला, आमच्या अंगावर चिखल उडवून गेला, आणि गाडी कठड्याला जाऊन टेकली. पडलो नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "विहीणबाई, मला उतरायचंय."

"मग उतरा की माजे आये!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की मी दचकले. "पुण्यापासनं वाट बघतीय मी, तुमी कधी म्हनताय म्हनून! तुमी मुलीकडच्या. तुमी भ्याला तर मला थांबता येतं. मी मुलाकडची, मी कसं म्हनू? आवो, आमच्या कर्जताला चढ कसला अन् उतार कसला? म्या जन्मात घाट बघितला न्हाई!"

मी बघितलं तर गाडी बंद होती आणि त्या दोन्ही ब्रेक दाबूनच बसल्या होत्या. बाई गं, एक भीतीनं अर्धमेली आणि दुसरीही भीतीनं अर्धमेली, आणि मान राखायला दोघी दरीत जायला निघालेल्या! आधी मी हसले की त्या हसल्या, आठवत नाही. कठड्याला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. थोड्या वेळानं त्यातलं हसू संपलं आणि पाणी तेवढं राहिलं.

मग एक टेम्पो थांबला. माणगावला कांदे घेऊन चाललेला, अर्धा माल वाटेत उतरवलेला. डायव्हर आमच्या पारनेरकडचा निघाला. "मावशी, ह्या वयात ही हौस?" म्हणत त्यानं फळी लावून गाडी वर चढवली. पुढं बसा म्हणाला, तर विहीणबाईंना गुदमरतं. म्हणून मागं कांद्याच्या गोण्यांवर आम्ही दोघी, मागं तोंड करून बसलो. मागं तोंड असलं की पुढची वळणं दिसत नाहीत, सरलेला रस्ता तेवढा दिसतो. तेवढ्यानंच माझा श्वास खाली बसला असेल. विहीणबाई स्वतःहून बोलल्या.

"मी लेकाची बाजू घ्यायला चाललीय, असं वाटतंय न्हवं तुमाला?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"पोरगा बापावर गेलाय माजा. वंगाळ न्हाई. दारू न्हाई, हात उगारत न्हाई. पर बोलत न्हाई. ह्यांचं तसंच हुतं. ताट वाढलं तर जेवायचं, न्हाई वाढलं तर न्हाई म्हनायचं न्हाई. लई वर्सं मी भिताडासंगं संसार केला, विहीणबाई. ह्यांच्या मागं ही गाडी का ठिवली सांगू? किक मारली की आवाज तरी करती."

मी त्यांचा हात धरला. कांद्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते, असं दोघीही म्हणालो.

माणगावला गाडी उतरवून श्रीवर्धनला पोचलो तेव्हा जावयानं दार उघडलं, पाया पडला, पाणी दिलं, खुर्चीवर उशी ठेवली. सगळं केलं, बोलला नाही. लेक सुकली होती. संध्याकाळी विहीणबाईंनी लेकीला मागं बसवलं आणि "आलो आमी" म्हणून निघून गेल्या. मी आणि जावई वाळूवर. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होते, पण लक्ष सगळं रस्त्याकडं. काय बोलत असतील? रागावत असतील का? पोरगी उलटून बोलली तर? आणि हा शेजारी बसलेला, याला विचारावं तरी काय? वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. आई, मी समजावतो तिला, असं काहीतरी. शेवटी तो म्हणाला, "आई, पाणी वर येतंय. चप्पल उचला." बस. तेवढंच. आणि माझ्या आधी वाकून त्यानं स्वतःच उचलली. मला त्याच्यावर चिडता येईना आणि लेकीला दोष देता येईना.

त्या दोघी आल्या. विहीणबाई बुटासकट पाण्यात शिरल्या, ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकून म्हणाल्या, "आमच्या बोअरच्या पान्यावानीच की! एवढ्या लांब कशाला आलो?" लेक हसली. किती महिन्यांनी मी तिचं हसू ऐकलं. तेव्हाच तिनं तो फोटो काढला. मला वाटलं, जिंकलो. बाईनं पोरीला समजावलं.

विहीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "तिला घेऊन जावा तुमी. पोरगी खोटी न्हाई. माजा पोरगाबी खोटा न्हाई. पर एका घरात दोघं वाळून जातील. मी वाळलीय, मला म्हाईत हाय."

फोटोत माझं तोंड तसं का दिसतंय म्हणून हसत होतीस ना? फोटो त्याच्या आधीचा आहे, नुसत्या प्रवासानं तसं झालेलं. नंतरचं तोंड कुणी टिपलं नाही, तेच बरं. मला राग आला त्यांचा. जोडून देईल म्हणून जिच्या मागं जीव मुठीत धरून बसले, तिनं सोडवून दिलं. रात्री झोपताना मी त्यांच्याकडं पाठ केली. आणि पाठ केल्यावर उमगलं, की पोराच्या आईनं असं म्हणणं म्हणजे काय. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं घर रिकामं केलं होतं. सून गेली की तिच्याशी फोनवर बोलणारंही माणूस उरणार नव्हतं.

परत येताना मी लेकीबरोबर एसटीनं आले. विहीणबाई गाडीनं. चढ आहे, चढाला काही वाटत नाही म्हणाल्या. मी खिडकीतून मान काढून बघत होते. घाट संपेपर्यंत त्या एसटीच्या मागं होत्या, पुढं काढायला कितीदा जागा मिळाली तरी मागंच. कंडक्टर म्हणाला, "आजी, ती बाई आपल्या गाडीचा पाठलाग करतीय काय?" लेक म्हणाली, "माझ्या सासूबाई आहेत," आणि खिडकीकडं तोंड करून बसली.

लेकीचं आता पुण्यात बरं चाललंय. आवाज मोठा झालाय तिचा, फोनवर भांडते माझ्याशी, मला बरं वाटतं. जावयाचा सणावाराला फोन येतो. "आई, बरं आहे ना?" म्हणतो आणि मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकतो. घटस्फोटाची कागदपत्रं झाली. त्यानंतर विहीणबाई एकदाच आल्या. शेंगांची पिशवी फाटकावर अडकवली, गाडी बंदच केली नाही. मी म्हटलं, आत या. म्हणाल्या, "आता कोन म्हनून येऊ?" आणि मला, एरवी तोंड मिटत नाही असा नावलौकिक असलेल्या मला, काही सुचलं नाही गं. गाडी वळून गेलीसुद्धा. तेव्हापासून जिवाला घोर आहे. एकटी बाई, ते रान, तो रस्ता, आणि ओरडून सांगितलेलं ऐकू जाईल अशी वाहनं तरी कुठं राहिलीत आता?

तू यायच्या आधी, आज सकाळीच, धीर करून फोन लावला. म्हटलं, "विहीणबाई, मीच." तिकडं वारा वाजत होता. मग, "बोला." म्हटलं, "कोण म्हणून यायचं ते आल्यावर ठरवू, दोघी बसून. अंगणात दुधी लागलाय, ह्यांना आवडत नाही, मला एकटीला संपत नाही. आणि फाटकावरून जायचं नाही, गाडी बंद करून आत यायचं. बाजाराच्या दिवशी या, आधी या, नंतर या, पण लवकर या."