दार हळू, वहिनी

"वहिनी, दार तुम्हीच आपटलंत ना? हो म्हणा ना!"

शेजारीण माझा दंड धरून विचारत होती. तिच्या व्हरांड्यातल्या यंत्राचं पेन कागदावर खालीवर झुलत होतं. मी दाराला हात लावला नव्हता. तसं सांगितलं. ती पांढरी पडली.

यंत्र तिच्या नवऱ्याचं. चंडीगडच्या सरकारी क्वार्टरांत आमच्या शेजारी राहायचे. ज्वालामुखी फुटला की माणसाच्या कानाला न कळणारा आवाज निघतो आणि हवेतून हजारो मैल जातो. तो पकडायचं त्यांचं काम. त्यासाठी अंगणभर बारीक भोकांचे रबरी पाइप पसरलेले.

मी चौथी शिकलेली. त्यांना म्हटलं, "ऐकूच येत नाही तो आवाज कसला?"

"हवेला धक्का बसतो, वहिनी. तुमच्या दाराचा बसतो तसाच."

दार आपटलं की पेन उडायचं, आणि तिचे यजमान हात जोडून हजर. "दार हळू, वहिनी." पलीकडच्या सरदारजींच्या आईला, बीजींनाही तेच. त्या म्हणायच्या, "पहले अपने पहाड़ को समझाओ जी!" हसायचो, पण दारं हळूच लावायचो. तुमच्याही शेजारी असेल असा एखादा, ज्याच्या वेडापायी सगळी गल्ली वळण बदलते.

जावा बेटावरचा एक डोंगर धुमसू लागला, तेव्हा तिचे यजमान जवळून मोजायला तिकडेच गेले. जाताना बायकोला म्हणाले, "पेनाकडे बघत जा. तिथला आवाज इथं यायला चार-पाच तास लागतात. तोवर मी तंबूत चहा पीत असेन."

म्हणून तो धक्का माझ्याच दाराचा असावा, असा तिचा हट्ट होता. मी घरी गेले आणि दार दणकून आपटलं. परत येऊन विचारलं, "काय झालं?"

"एकच टोक उठलं. लगेच बसलं."

पेन तसंच झुलत होतं, मोठं आणि संथ. असं दार कुणाच्या घराला नसतं.

"म्हणजे झालं ते सकाळीच झालं," ती म्हणाली. "मी भाजी चिरत होते तेव्हा."

रेडिओ लावला. गाणी चालू होती. रेडिओला अजून काही ठाऊक नव्हतं. बीजी आल्या, पेन बघितलं आणि खाली बसल्या. पोळ्या तव्यावर जळाल्या तरी कुणी उठलं नाही. मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही. ओरडायला समोर काही तरी लागतं. इथं नुसती शाईची रेघ.

दोन दिवसांनी त्यांच्या ऑफिसातले साहेब आले. चपला काढून बाहेरच उभे राहिले.

तिच्या यजमानांसकट तिघे डोंगरावर चढले होते. खाली गाडीपाशी थांबलेला ड्रायव्हर तेवढा वाचला.