बायकांच्या बाजूला सांगणारी

पडद्यावर काही वाईट घडायच्या आधी मावशीचा हात वर जायचा. आधी, बरं का, नंतर नाही. शेजारी ज्या कुणाचं लेकरू बसलेलं असेल त्याच्या डोळ्यांसमोर तिचा तळवा आडवा व्हायचा आणि ती म्हणायची, "घाबरू नका गं बायांनो, पुढं लय चांगलं हाय." मग पडद्यावर कुणीतरी जिन्यावरून कोसळायचं, नाहीतर घराला आग लागायची. लेकराला ते दिसायचं नाही. बायकांना दिसायचं, पण पुढचं चांगलं त्यांना आधीच कबूल झालेलं असायचं.

तुम्हीही अशी धीर देणारी माणसं पाहिली असतील. मला मात्र त्या तळव्याची धास्ती वाटायची. मी टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर, वीज पुरवणाऱ्या इंजिनापाशी बसत असे. कापडाच्या फटीतून पडदा तिरका, अर्धामुर्धा दिसायचा, बायकांची बाजू मात्र पुरती दिसायची. हात वर गेला की मला कळायचं: आता काहीतरी होणार.

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सोडली, रस्त्याच्या कामावरच्या टोळीबरोबर हिंडत हिंडत परभणी जिल्ह्यात आलो आणि जिंतूरला तापानं आडवा झालो. टोळी पुढं गेली. एसटी स्टँडवर मी पडून होतो तिथं ह्या मावशीनं मला भाकरी दिली, वर चार शिव्या दिल्या आणि टुरिंग टॉकीजच्या मालकापुढं नेऊन उभं केलं. "ह्याला इंजिन येतं," ती म्हणाली. मी इंजिनाला जन्मात हात लावला नव्हता. मालकानं विचारलं, "येतं का रे?" मावशीनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी म्हणालो, "हो."

"बघा," ती म्हणाली, "बोलायला लाजतंय, पर येतंय."

इंजिन मी शिकलो. पण ते मध्येच बंद पडेल, मालक मला हाकलील आणि मी पुन्हा त्या स्टँडवर पडेन, ही भीती काही गेली नाही. रात्रंदिवस माझ्या कानात त्या इंजिनाचा आवाज असे. मावशी म्हणायची, "कोकण्या, तू लेका इंजिनाची माय हायेस का? झोप की."

तिचं काम बायकांच्या दारावर तिकिटं फाडायचं. पण तिकिटं फाडून झाली की ती आत जाऊन बसायची आणि सिनेमा सांगायची. बायकापुरुषांच्या मध्ये कनात असायची. सिनेमे हिंदी, गावातल्या कितीतरी बायकांना ते अर्धेच कळायचे. मावशी मराठीत सांगायची आणि सांगता सांगता सगळ्यांना आपल्यातलं करून टाकायची. "ह्यो मेला बघा, तलाठ्यावानी चालायलाय. ह्याच्या नादी लागू नको गं पोरी." बायका फिदीफिदी हसायच्या. कनातीपलीकडचे पुरुष हळूहळू कनातीकडं सरकायचे. कुणी ओरडायचं, "मावशे, जरा मोठ्यानं!" ती म्हणायची, "तुमाला कान हायेत, तिकीट बी तिकडलंच काढलंय. गप बसा."

त्या थंडीत मालकानं एक जपानी सिनेमा आणला. हातानं काढलेल्या चित्रांचा, रंगीत, लेकरांसाठी. स्वस्तात मिळाला म्हणून आणला. भाषेचं एक अक्षर कुणाला कळेना. ऑपरेटर म्हणाला, "हे चालायचं न्हाई." मालकानं मावशीकडं पाहिलं. मावशीनं एकटीनं बसून सिनेमा पाहिला आणि म्हणाली, "चालतंय की."

गोष्ट एका मुलीची आणि अस्वलाच्या पिल्लाची होती. मावशीनं मुलीचं नाव ठेवलं ठकी, अस्वलाचं काळ्या. काळ्याच्या छातीवर पांढरी कोर होती. बायका म्हणाल्या, गळ्यात चांदीची हसळी घातलीय बघा त्यानं. दोघं एकत्र वाढतात. पिल्लू मोठं होतं, मग गावाला त्याची भीती वाटायला लागते आणि गाव त्याला नदीपार हाकलून देतं. मुलगी या काठावर, अस्वल त्या काठावर. आणि मग एके दिवशी नदी पांढरी होते. मुलगी तिच्यावर पाऊल टाकते आणि चालत पलीकडं जाते.

आज मला ठाऊक आहे की ती नदी गोठलेली होती. तेव्हा नव्हतं. बर्फ आम्हाला माहीत होता तो जत्रेतल्या गोळ्याचा, भुशात गुंडाळलेल्या लादीचा. वाहती नदी अख्खीच्या अख्खी गोठते, हे तंबूतल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तिथं आलं की संगीतही थांबायचं. नुसतं पांढरं, आणि त्यावर एवढीशी मुलगी. माझ्या इंजिनाचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मावशीही तिथं काही सांगायची नाही. पालम आणि वालूरच्या मुक्कामांत ती तिथं गप्पच राहिली.

मग आमचा तंबू दुधना नदीच्या काठावरच्या एका गावी ठोकला. गाव काठापासून वर, तंबू खाली उतरत्या रानात. खाली नदीचा डोह. पहाटे डोहावर धुकं इतकं दाट बसायचं की इंजिनाला पाणी आणायला गेलो की माझी बादलीच मला दिसायची नाही. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मावशी म्हणाली, "तुला कोनची जागा आवडती रे, कोकण्या?"

तिथं शकू नावाची मुलगी रोज यायची. आठ-नऊ वर्षांची असेल. मावशीच्या अगदी शेजारी बसायची आणि आपल्या बाजूची जागा तळहात पसरून धरून ठेवायची. कुणी बसायला लागलं की म्हणायची, "हितं सुजाता बसनार हाय." सुजाता काही येत नसे. सिनेमा संपेपर्यंत सतरंजीचा तेवढा तुकडा मोकळाच.

एका संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी मावशीनं विचारलं, "कामून येत न्हाई गं तुझी मैत्रीण?"

शकूनं सांगितलं ते मीही ऐकलं. सुजाताचे वडील गावच्या शाळेत मास्तर. बौद्ध घर. शकूच्या घरामागची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. एकदा शकूच्या आज्यानं दोघींना एका ताटात जेवताना पाहिलं. मास्तरांना खोली सोडायला सांगितली. ते नदीपलीकडच्या गावी, आपल्या भावकीत राहायला गेले. मास्तर पुलावरून सायकलनं शाळेत यायचे, सुजाताला तिकडच्या शाळेत घातलं.

"आज्जा म्हनला, आता मोठी झालीस," शकू म्हणाली. "मोठ्या झालेल्यानी असं बसू न्हाई."

"मोठी झालीस व्हय? बघू बरं." मावशीनं तिला उभं केलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तसाच आपल्या कमरेपाशी आणला. "हितवर तर हायेस."

शकू हसली नाही. "नदी वलांडायच्या उताराला पानी हाय अजून," ती म्हणाली. "पुलावरून लय लांब. कोनी नेईना."

त्या संध्याकाळी सिनेमात नदी पांढरी झाली, तंबू गप्प झाला, आणि मावशी बोलली. मला तिचा आवाज आजही ऐकू येतो. ती सगळ्या बायकांना सांगत होती, पण तोंड शकूकडं होतं.

"बघ, दोघींची मैत्री खरी असली ना, की नदी बी वाट देती. पांढरी व्हती आन् म्हनती, ये बाय, चाल माझ्यावरून. भ्यायचं न्हाई. पाऊल टाकायचं."

बायकांनी डोळे पुसले. मी इंजिनाकडं पाहिलं, ते नीट चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पाणी भरून वर आलो. मावशी चुलीपाशी चहा घेत बसली होती. शकूची आई धापा टाकत आली. "शकू आलीय का हितं? अंथरुनात न्हाई. आडात बघितलं, गोठ्यात बघितलं." तिच्यामागून दोनतीन माणसं होती. कुणी म्हणालं, मळ्याकडं गेली असंल. ती मळ्याकडं वळलीसुद्धा.

मावशीनं कपबशी खाली ठेवली आणि मला विचारलं, "नदीवर धुकं हाय का रे?"

"आहे की. कायच दिसत नाही. नुसतं पांढरं..."

वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. मावशी उठून पळत सुटली होती. पन्नाशीची जाडजूड बाई, अनवाणी, काट्याकुट्यातून. मी तिच्यामागं.

काठावर आलो तर डोह दिसतच नव्हता. कापूस पिंजून पसरल्यासारखं सगळं. आणि त्यात थोड्या अंतरावर एक डोकं आणि दोन खांदे. शकू छातीइतक्या पाण्यात उभी होती. त्याच्यापुढं डोह एकदम खोल जातो हे मला ठाऊक होतं, मी रोज तिथंच बादली बुडवत असे. मला पोहता येतं. मी सदरा काढला. मावशीनं माझं मनगट धरलं.

"थांब. तू गेलास तर ती पुढं पळंल." मग तिनं हाक मारली, अगदी हळू, झोपलेल्याला उठवतात तशी. "शकू. ए शकू."

शकूनं मान वळवली नाही. दात वाजत होते तिचे. "मावशे, नदी वाट देईना की."

"माघारी ये, माय."

"तुमीच म्हनलात पाऊल टाकायचं. मी टाकायलेय. आजून एक टाकते."

"टाकू नको!" मावशी पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत गेली आणि थांबली. "खोटं सांगितलं मी. आयक. नदी कुनाला वाट देत न्हाई."

"ठकीला दिली की."

"त्ये काय व्हतं ते मला ठाऊक न्हाई, बाळा. पांढरं दिसलं, मला काय बी समजंना, मी आपलं बनवून सांगितलं. तू रडवेली व्हतीस म्हनून सांगितलं."

शकू आता वळली. तिचा चेहरा निळसर पडला होता. तिनं मावशीकडं पाहिलं, ते पाहणं मला सांगता येणार नाही. रागावलेल्या लेकरासारखं नव्हतं. मोठं माणूस मोठ्या माणसाकडं पाहतं तसं होतं.

"मग काळ्या आन् ठकी? खरं काय झालं त्यायचं? पुढं काय झालं?"

अख्ख्या तालुक्याला पुढचं सांगणारी ती बाई. तिनं दोन्ही हात पुढं केले. "न्हाई गं ठाऊक. काय बी न्हाई ठाऊक. तू ये फकस्त."

शकूनं काठाकडं पाऊल उचललं. तिचा दुसरा पाय शेवाळावरून सटकला आणि धुक्यात एकदम काहीच उरलं नाही. मी उडी टाकली. केस हाताला लागले. वर आणली तेव्हा ती खोकत होती, आणि तो खोकला ऐकून मावशी पाण्यातच खाली बसली.

शकूला तिच्या आईनं घोंगडीत गुंडाळून नेलं. ताप चढला. मास्तर शाळेत आले आणि त्यांना कळलं तसे दारापर्यंत जाऊन चौकशी करून आले. आजा ओट्यावर बसलेला होता, तो उठला नाही म्हणे.

मालकानं त्या संध्याकाळी खेळ ठेवला. गावातली बातमी ऐकून गर्दी उलट वाढली. मावशीनं दारावर तिकिटं फाडली, आत जाऊन बसली, आणि बोलली नाही. बायका म्हणायच्या, "सांगा की." ती नाही. जपानी मुलगी आपल्या भाषेत बोलत होती, अस्वल गुरगुरत होतं, आणि कुणालाच काही कळत नव्हतं. लेकरं चुळबुळ करायला लागली. मी फटीतून तिच्या हाताकडं पाहत होतो. तो मांडीवर पडलेला होता.

नदी पांढरी व्हायच्या जरा आधी ती उठली. बायकांमधून वाट काढत पुढं गेली आणि सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली, एवढी मोठी, की नदी दिसेनाशी झाली. ठकीचा एक पाय तेवढा कडेला दिसत होता.

"बसा खाली!" पुरुष ओरडले. शिट्ट्या झाल्या. कुणी चप्पल भिरकावली.

"पोरांनो, हे आपलं न्हाई," मावशी म्हणाली. "आपल्या नदीत कुनी जायाचं न्हाई. मी सांगितलेलं खोटं व्हतं." आवाज तिचा नव्हताच जणू. सांगायचा तो आवाज नव्हता.

मालक माझ्याकडं धावत आला. "तिला वढून काढ, न्हाईतर उद्यापासून तू बी नको!"

मी इतके दिवस ज्याची भीती बाळगली ते मीच केलं. इंजिन बंद केलं.

अंधार झाला, आरडाओरडा झाला. कंदील लावेपर्यंत जरा वेळ गेला. कंदिलाच्या उजेडात बायका आपापली लेकरं चाचपत होत्या. पडद्यासमोर कुणी नव्हतं. बायकांच्या दारातून ती निघून गेली होती. तिची वळकटी तिथंच राहिली. वालूरच्या रस्त्यानं एक बाई जाताना गाडीवानानं पाहिली म्हणे. मी त्या रस्त्यानं लांबवर धावत गेलो, हाका मारल्या. पुढं कितीतरी गावांत चौकशी केली. ती पुन्हा कुणाला भेटली नाही, निदान मला भेटलेल्यांपैकी तरी कुणाला नाही.

मालकानं मला काढलं नाही. इंजिन दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

सकाळी आम्ही तंबू उतरवला. बांबू ट्रकवर चढवत होतो तेव्हा शकूची आई आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"कुठाय ती बाई?"

"गेली. शकू कशी आहे?"

"ताप उतरलाय पहाटी. उठून बसलीय." ती इकडंतिकडं बघत राहिली. "पोरगी ऐकंना. म्हनती, मावशीला बोलवून आन. पुढं काय झालं ते तिला ठाऊक न्हाई, मी सांगते."

मी विचारलं, "काय झालं पुढं?"

"मला सांगंना की. तिलाच सांगनार म्हनती." तिनं भाकरी माझ्या हातात दिल्या. "तुमी तरी खावा."

ट्रक निघाला. भाकरी अजून गरम होत्या.