दार लावून केलेला नाच

दुबईत करामा भागातल्या आमच्या घरासमोरच्या फ्लॅटमधली इजिप्शियन शेजारीण दार लावल्याशिवाय नाचायची नाही. आम्हा तीन-चार बायकांना ती हौसेनं शिकवायची. नवरा घरी असला तर आधी त्याला खाली पिटाळायची, पडदे ओढायची, मग माझीच ओढणी माझ्या कमरेला बांधून म्हणायची, "यल्ला हबीबती, चल गं लाडके, पोट सैल सोड. इथे कोण बघतंय?"

'बेली डान्स' या शब्दाची तिला चीड होती. ते नाव परक्यांनी ठेवलेलं. तिच्या गावी हा 'बलदी', म्हणजे आपल्या मातीतला नाच. नवरीच्या मेंदीला बायका एकमेकींसाठी नाचायच्या. यानं बाळंतपण सोपं जातं, असं तिची आजी सांगायची. "पण हेच पोटासाठी पुरुषांसमोर केलं, की लग्नात नाचायला बोलावतात, सून करून घेत नाहीत," ती म्हणाली. मला लावणी आठवली. फडात शिट्ट्या मारणारे आणि सोयरिकीचं नाव काढलं की तोंड फिरवणारे आपल्याकडे काय कमी आहेत!

मग मंदी आली आणि बांधकाम कंपनीतली तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. तो दिवसभर घरी. आम्ही जमलो की बिचारा खाली गाडीत जाऊन बसायचा. थोड्याच दिवसांत तिनं शिकवणं थांबवलं. काम मिळालंय म्हणाली, कसलं ते सांगितलं नाही.

हिवाळ्यात पुण्याहून दीर-जाऊ आले, म्हणून आम्ही वाळवंटातल्या सफारीला गेलो. जेवताना स्टेजवर टिकल्यांच्या तोकड्या कपड्यांत ती आली. मी हातातला घास ताटात ठेवला. भावजींचा मोबाइल काही खाली येईना, आणि मला त्यांचा मनस्वी राग आला.

नाच संपल्यावर फोटोंसाठी फिरत ती आमच्यापाशी आली आणि मला बघून थबकली. माझी लेक सहज बोलून गेली, "आंटी, यू डान्स बेटर ॲट होम."

तिनं लेकीच्या गालाला हात लावला. "घरचं ते खलास, हबीबती."

मी ओढणी काढून तिच्या उघड्या खांद्यांवर घातली. तिनं नीट घडी करून ती मला परत दिली. तिचा अजून एक नाच बाकी होता.

निघताना पार्किंगमध्ये तिची गाडी दिसली. नवरा आत बसला होता, काचा वर करून, स्टेजकडे पाठ करून. तिकडे स्टेजसमोर तिला बघणारे एवढे पुरुष होते. बाहेर तो एकटाच बसला होता.