दुर्बिणीतला हलता धागा

मोजणीच्या कामात दिवसभर ऊन खायचं आणि संध्याकाळी तंबूत त्याच त्याच माणसांची तोंडं बघायची. किस्से साचायला आणखी काय लागतं? आमच्या ठाणे-कल्याणच्या तुकडीत मी नकाशे काढायचो, ओव्हरसियर विष्णुपंत दुर्बीण लावायचे, टिटवाळ्याचा जानू लांब जाऊन आकड्यांची पट्टी धरायचा. सगळ्यांवर एक गोरा साहेब.

*

दुर्बिणीत उभा-आडवा बारीक धागा असतो, तो पट्टीच्या आकड्यावर जुळवायचा. धागा कोळ्याच्या जाळ्याचा. त्याहून बारीक काही मिळत नसे. ठाण्यात तो एकदा तुटला. विष्णुपंतांनी जानूला धाग्यासाठी चांगला कोळी शोधायला पाठवलं. जानू परतला तो चेंदणी कोळीवाड्यातला एक धिप्पाड म्हातारा घेऊन. खांद्यावर जाळं.

म्हातारा म्हणाला, "जालं नवीन हाय. धागा कवरा पायजे?"

*

साहेब आणि विष्णुपंत एकाच दुर्बिणीतून एकच पट्टी बघत आणि वेगवेगळे आकडे सांगत. साहेब म्हणे, "पॅरॅलॅक्स!" म्हणजे डोळा जरा बाजूला सरकला की धागाही पट्टीवर सरकलेला दिसतो. उपाय असा, की आधी डोळ्याकडची काच फिरवून धागा स्पष्ट करायचा, मग बाजूच्या स्क्रूने पट्टी. डोकं हलवूनही धागा जागचा हलला नाही, की झालं.

जानूला हे कोणी सांगितलंच नव्हतं. एकदा त्याने मला हळूच विचारलं, "भाऊसाहेब, ह्ये पारलेकर कंच्या हापिसात हायेत? समद्या चुका त्यांच्याच."

*

आमच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. कल्याणला मामलेदारांनी हौसेने तीतून स्वतःचं घर पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "आत बायकामाणसं आहेत. आधी सरळ करा."

*

टिटवाळ्याच्या रानात बिबट्या माजला होता. त्याने जानूच्या थोरल्या भावाला गोठ्याजवळून ओढून नेलं. जानू कामावर आला, पण झाडीत पाऊल टाकेना. साहेबाने बंदूक काढली. तिच्यावर लांब पितळी दुर्बीण बसवलेली. सरावाला बांधावर मडकं ठेवलं, तर गोळ्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

विष्णुपंतांनी बंदूक वाळूच्या पोत्यांत घट्ट रोवली आणि नुसतं डोकं हलवून पाहिलं. धागा मडक्यावरून बांधावर गेला. या दुर्बिणीला फिरवायला स्क्रूच नव्हता. मग डोळाच हलू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. आपलं उपरणं बंदुकीच्या दस्त्याला गुंडाळलं आणि साहेबाला सांगितलं, दरवेळी गाल इथेच टेकवा. पुढच्या गोळीने मडकं फुटलं.

दोन-चार दिवसांनी उजेडातच बिबट्या पाण्यावर आला आणि एका गोळीत पडला. जानू बराच वेळ त्याच्याशेजारी बसून होता. मग उठला, पट्टी खांद्यावर टाकली आणि झाडीत शिरला.

त्यानंतर विष्णुपंत ठाण्याला घरी गेले, तेव्हा मी बरोबर होतो. काकूंनी दारातच विचारलं, उपरणं कुठे? विष्णुपंतांनी सगळी हकिगत सांगितली.

"बिबट्याचं रक्त लागलं असतं तर धुतलं असतं," त्या म्हणाल्या. "साहेबाचा गाल लागलाय ना? मग राहू दे तिकडेच."