दांडा धर

घड्याळजींच्या चिमट्यातून दिवसभर केसाएवढ्या स्प्रिंगा जायच्या आणि अंगणात मात्र कायम एखादं दोन टनी धूड उभं. चाळीस वर्षांत अशी नऊ धुडं झाली. जुने पिकअप, लिलावातल्या जीपा, एक तर अशी, की मागचं दार दोरीने बांधावं लागे. नवी गाडी त्यांनी कधी घेतली नाही. "नव्या गाडीत ऐकण्यासारखं असतं काय?" म्हणायचे. आणि किल्ली कुणाला दिली नाही. सख्ख्या भावाने मागितली तेव्हाही, "किल्ली देत नसतो," एवढंच.

नववं धूड म्हणजे मातकट रंगाचा, चारही चाकांनी ओढणारा पिकअप. त्याला गिअरशेजारी एक आखूड दांडा होता. तो 'लो'वर टाकला की उतारावर इंजिनच गाडीला धरून ठेवी, ब्रेकची फारशी गरज पडत नसे. पण आतला दात झिजलेला. गाडी खड्ड्यात आपटली की दांडा उडून न्यूट्रलवर यायचा आणि मग गिअर असून नसल्यासारखा. दुसऱ्याने तो भाग बदलून घेतला असता. घड्याळजी उतार लागला की बायकोला म्हणत, "दांडा धर." तीही एका हाताने पिशवी, दुसऱ्याने दांडा धरून बसे.

"सप्तपदीत हे सांगितलं नव्हतं," ती म्हणे.

दोन महिन्यांमागे घड्याळजी दुकानातून घरी आले, तर उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निघाली, पत्ताच नाही. रात्री त्यांनी अंगठा चिमटून पाहिला. दुसऱ्याचाच पाय चिमटावा तसं वाटलं. साखर जुनीच होती, पण ती इथवर पोचली असेल असं वाटलं नव्हतं. ते कुणाला काही बोलले नाहीत. बॅटरी उतरलीय म्हणाले आणि गाडी अंगणातच ठेवली. सकाळी मात्र चप्पल दाराशी जोडीने लावलेली होती.

मग परवा सकाळी बायको भांडी घासता घासता थांबली. "अहो, माझ्या डाव्या डोळ्यात कडेने काळं सरकतंय."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि चिठ्ठी लिहायलाच घेतली. "आतला पडदा सुटतोय. दुपारच्या आत घाटाखालच्या मोठ्या इस्पितळात पोचा. उशीर झाला तर डोळ्याचं सांगता येणार नाही."

खाली जाणाऱ्या रस्त्यावर टँकर आडवा पडला होता. नाक्यावरचा टॅक्सीवाला म्हणाला, "काका, संध्याकाळशिवाय सुटत नाही ते. खाणीची वाट आहे, पण तिथे माझी गाडी पहिल्याच दगडावर बसेल. तुमचं धूड जाईल. द्या किल्ली, मी नेतो."

"किल्ली देत नसतो," घड्याळजी बोलून गेले. चाळीस वर्षांची सवय, तोंड विचारायला थांबलंच नाही. टॅक्सीवाला हसून वळला. त्याला हाक मारायची म्हणजे पायाचं सांगायचं. त्यांनी हाक मारली नाही.

"बॅटरी भरली वाटतं," बायको चढून बसताना म्हणाली. तिने डावा डोळा रुमालाने झाकला होता.

खाणीची वाट एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही अशी. घड्याळजींनी 'लो' टाकला, पहिला गिअर घातला. "दांडा धर." तिने धरला. गाडी गुरगुरत उतरू लागली. उजवा पाय कुठे आहे ते घड्याळजींना वाकून बघावं लागत होतं, आणि वाकावं तर वाट दिसत नव्हती.

तिसऱ्या वळणाच्या आधी पुढचं चाक धाडकन खाली गेलं. तिच्या बाजूचा खड्डा तिला दिसलाच नव्हता. दांडा हातातून सुटला. गुरगुर बंद झाली आणि गाडी मोकळी सुटली.

घड्याळजींनी ब्रेक दाबला. गाडी थांबेना. आणखी दाबला. इंजिन किंचाळलं.

"अहो, तो ब्रेक नाही," बायको म्हणाली. "आवाज वाढतोय. डावीकडे घ्या पाय."

त्यांना डावीकडेही काही लागेना. तिने वाकून त्यांचा गुडघा दोन्ही हातांनी उचलला, डावीकडे सरकवला आणि वरून अंगाचा भार दिला. घड्याळजींनी हँडब्रेक ओढला. गाडी खडकाला घासत, पुढचा दिवा फोडून घेत उभी राहिली. पलीकडे वळण होतं.

घड्याळजींनी हँडब्रेक आणखी एक खाच वर ओढला.

"मला पाय कळत नाही," घड्याळजी म्हणाले.

"ठाऊक आहे. दोन महिने तुमची चप्पल मीच फाटकातून उचलून आणते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. गाडी बंदच होती ना." तिने रुमाल पुन्हा डोळ्यावर धरला. "काळं अर्ध्यावर आलंय. डावा पाय कळतो का?"

"कळतो."

"मग त्याला लावा कामाला."

खरंच होतं. लोमध्ये गाडी एकदा चालू लागली की क्लचला काम नसतं. त्यांनी दांडा पुन्हा 'लो'वर टाकला, उजवा पाय हाताने उचलून दाराकडे ठेवला, डाव्याने क्लच सोडला आणि तोच ब्रेकवर आणला. रुमाल मांडीवर टाकून तिने दांडा दोन्ही हातांनी धरला. चालीच्या वेगाने गाडी उतरली. प्रत्येक खड्ड्याआधी ते सांगत, "आला," आणि ती मूठ आवळी.

इस्पितळात तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. "आजच करतो. वेळेत आलात, पण किती वाचेल ते पट्टी सुटल्यावर कळेल."

घड्याळजी बाकावर बसले. उजव्या पायात चप्पल नव्हती. पहारेकरी आला. "काका, गाडी फाटकातच आहे. ॲम्ब्युलन्स अडेल. जरा मागे घ्या."

घड्याळजींनी आतल्या मिटलेल्या दाराकडे पाहिलं, मग खिशात हात घातला.

"तुम्हीच घ्या," किल्ली पुढे करत ते म्हणाले. "फक्त दांडा धरायला कुणाला तरी बसवा."