आधी खर्रा थुका

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, आदिलाबादजवळच्या आमच्या मावल्यात कोणालाही विचारा. तो जास्त करून बाबांवर निघायचा, त्यांच्या खर्ऱ्यावरून. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा दिवसभर त्यांच्या गालात असायचा, आणि फोनवर त्यांचं बोलणं गुळमुळीत यायचं. “बाबा, आधी खर्रा थुका, मग बोला,” हेच माझं हॅलो. ते हसायचे, पच्चकन थुंकायचे आणि विचारायचे, “जेवली काय वं पोरी?”

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. त्या सकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर मी लकव्याचं प्रकरण घोकत होते. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का बघा. दोन्ही हात वर धरायला लावा, एक खाली येतो का बघा. बोलायला लावा, जीभ जड झाली का बघा. यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. लगेच सीटी स्कॅन. मेंदूत रक्तस्राव नसेल तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन, तेही साडेचार तासांच्या आत. आणि नातेवाइकांना पहिला प्रश्न, हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला? वॉर्डात मी हे तेलुगूत घडाघडा विचारायची. सर म्हणायचे, नजर चांगली आहे तुझी.

नऊला बाबांचा रोजचा फोन आला. आई भाजी घेऊन आदिलाबादच्या बाजारात गेली होती, ते वाडीत एकटेच वांगी तोडत होते. काहीतरी बोलत होते, पण एक अक्षर कळेना. माझं डोकंच फिरलं.

“किती येळा सांगू बाबा? दोन-दोन खर्रे कोंबले काय तोंडात? थुका आधी! अभ्यास करून राह्यली मी इथं!”

ते पुन्हा काही बोलले. मी फोन कापला.

आई दोनला परतली तेव्हा ते विहिरीशी बसले होते, तोंड एकीकडं ओढलेलं, उजवा हात लुळा, फोन डाव्या हातात. दवाखान्यात पोचेस्तोवर साडेतीन वाजले. इंजेक्शनची वेळ केव्हाच निघून गेली होती.

मी संध्याकाळी पोचले. डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं नीट कधी बोलले? मी आईवरच ओरडले, “खर्रा सोडा म्हणून बोंबलून राह्यली होती ना मी!”

आईनं पदर तोंडाला लावला. “तीन हप्ते झाले वं, सोडला त्यायनं. तुही परीक्षा होईस्तोवर शिवायचा नाही म्हणे. तुले सांगू नको म्हणे, पास झाल्यावर सांगू.”

म्हणजे तीन हप्ते ते फोनवर साफ बोलत होते, आणि मी हॅलोच्या जागी तेच वाक्य फेकत होते. ऐकतच नव्हते मी. जळो ती माझी नजर आणि जळो ते शिक्षण!

पुढे पास झाले. पेपरात लकव्याचाच प्रश्न होता, पूर्ण लिहिला. बाबांना आता दोन-चार शब्द जमतात, तेही ओढून ताणून. मी घरी गेले की जवळ बसवून घेतात. पण बोलायच्या आधी आ करून तोंड दाखवतात मला, आत काही नाही म्हणून.