शफीचाचांचं हुकमी वाक्य

शफीचाचा सव्वीस वर्षं भोरहून एसटीनं वेल्ह्याला येतात आणि तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहून देतात. टेबल माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीशी. माणूस लाखातला, पण हट्टी म्हणजे किती! मे महिन्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलंच.

त्यांचं एक हुकमी वाक्य होतं: ‘अतिवृष्टीमुळे घरात पाणी शिरून मूळ कागदपत्रे वाहून गेली आहेत.’ रेशनकार्ड हरवू दे, उंदरानं कुरतडू दे, चाचा हेच घालायचे. ‘हरवलं’ म्हटलं की कचेरीत दहा प्रश्न, ‘वाहून गेलं’ म्हटलं की सही. कुणाचं वाईट होत नव्हतं, म्हणून मीही गप्प.

गेल्या वर्षी मी कॉम्प्युटरवर अर्ज लिहिणारं एआय घेतलं. बोललेलं ऐकून लिहायचं आणि आपण दुरुस्त करू तसतसं शिकत जायचं. ते ‘हरवले’ लिहायचं आणि चाचा करवादायचे, "नूतन, खोड ते! ह्याला काय कळतंय?" मग मी त्यांचं वाक्य टाइप करायची. पाच महिने हेच. पुढं ते आपणहूनच लिहायला लागलं. चाचा खूश. "बघ, शिकलं का न्हाई माझ्या हाताखाली!"

शिकलं, पण आमच्यापुरतं नाही. तेच एआय तालुक्यातल्या सगळ्या दुकानांत. यंदा डोंगरमाथ्यावरच्या, हंडाभर पाण्याला मोताद असलेल्या वस्त्यांतूनही कागद ‘वाहून’ जायला लागले. तहसीलदार साहेब भडकले. वाहून गेल्याचा एकही अर्ज पंचनाम्याशिवाय घ्यायचा नाही, म्हणाले. आणि पंचनाम्याला पंधरा दिवस.

त्यात नदीकाठच्या फुलाबाईंचा अर्ज अडकला. त्यांचं रेशनकार्ड खरोखरच वाहून गेलं होतं. नवऱ्याचं, रखमाजींचं, हृदयाचं ऑपरेशन सरकारी योजनेतून गुरुवारी ठरलेलं. कार्ड नसेल तर तारीख जाणार, आणि डॉक्टर म्हणाले होते, आता थांबू नका. तो सोमवार होता. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं.

"नूतन, त्येला सांग, माझं वाक्य इसर म्हणावं."

सांगितलं. ‘आपली सूचना लक्षात ठेवली आहे,’ म्हणालं आणि पुढच्या अर्जात परत तेच. "अहो चाचा, आता ते विसरून काय उपयोग? अर्जांचा गठ्ठा कचेरीत पडलाय ना!" मी ओरडलेच. मग मला माझाच राग आला. टाइप तर मीच केलं होतं.

चाचा फुलाबाईंना घेऊन थेट साहेबांपुढं उभे राहिले. मागं मी.

"साहेब, ते वाक्य माझं. बाकीची खोटी असतील. हिचं खरं हाय."

"चाचा, प्रत्येकजण असंच म्हणतो. बाई, तुम्ही सांगा. कार्ड कसं गेलं?"

फुलाबाई घाबरल्या. हात जोडून घडाघडा म्हणाल्या, "अतिवृष्टीमुळं घरात पानी शिरून मूळ कागदपत्रं..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"तसं नगं, फुलाबाई," चाचा काकुळतीला आले. "तुमच्या तोंडानं सांगा."

"माज्या?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पानी चुलीत आलं, साहेब. ह्यांना धाप लागल्याली. ह्यांना माळ्यावर चढवलं आन् कार्डाचा डबा घ्यायला वळले. डबा हातात आला, तवर ह्यांचा पाय घसरला. म्या डबा सोडला आन् ह्यांना धरलं."

साहेबांनी तलाठ्याला फोन लावला. आत्ताच्या आत्ता जाऊन घर बघून या, उद्या ह्यांचं कार्ड झालं पाहिजे, म्हणाले. फोन ठेवून त्यांनी चाचांकडं बघितलं.

"चाचा, एवढं सगळं अर्जात का नाही लिहिलं?"

"म्या इचारलंच न्हाई, साहेब," चाचा म्हणाले. "सव्वीस वर्षांत कुनालाच न्हाई."